बूस्ट जातो कुठे?

तिसरा गिअर, अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबलेला, काटा साडेचार हजार आरपीएमवर. माझदा आरएक्स-७ ने इथे उसळी घ्यायची असते. पण ती नेमकी इथेच मंदावते. इंजिन अडखळत नाही, धूर येत नाही, डॅशबोर्डवर दिवाही लागत नाही. फक्त गाडी ओढत नाही. अशा गाडीबद्दल सगळ्यात आधी ऐकू येणारं निदान म्हणजे ‘टर्बो गेला’. सगळ्यात महाग निदानही हेच, आणि अनेकदा ते साफ चुकीचं असतं.

इंजिनाची ताकद त्याला मिळणाऱ्या हवेवर ठरते. हवा जास्त मिळाली तर पेट्रोल जास्त जाळता येतं. टर्बो ही जादा हवा पुरवतो. इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला वायू एक टर्बाइन फिरवतो, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला असलेला काँप्रेसर ताजी हवा दाबतो आणि ती इंटरकूलरमध्ये थंड होऊन इंजिनात शिरते. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी या कल्पनेचं पेटंट १९०५ साली घेतलं. वातावरणाच्या वर जेवढा दाब मिळतो, तो बूस्ट. टायरमध्ये हवा भरताना ऐकू येणाऱ्या पीएसआयमध्येच तो मोजतात. समुद्रसपाटीला हवेचा दाब साधारण १४.७ पीएसआय असतो. त्यावर आणखी १० पीएसआय मिळाले, की इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब दोन तृतीयांशाने वाढतो. हेच १० पीएसआय हरवले, तर स्पोर्ट्स कारची साधी कार होते.

ते कसे शोधायचे, हे समजून घ्यायला आरएक्स-७ ची तिसरी पिढी उत्तम. हिरोशिमाच्या माझदा कंपनीने ती १९९१ ते २००२ या काळात बनवली. तिचं इंजिन रोटरी, त्यात पिस्टन नाहीत. प्रत्येकी ६५४ सीसीचे दोन त्रिकोणी रोटर फिरतात. एवढ्या छोट्या इंजिनातून सुरुवातीला २५५ अश्वशक्ती मिळत होती, पुढे ती २८० पर्यंत गेली. त्यासाठी माझदाने एकाऐवजी दोन टर्बो बसवले, आणि तेही पाळीपाळीने कामाला लागणारे. कमी वेगात सगळा एक्झॉस्ट पहिल्या टर्बोला मिळतो, म्हणून पिकअप लवकर येतो. साडेचार हजार आरपीएमच्या सुमाराला दुसराही सामील होतो. धडधाकट गाडीत बूस्ट आधी १० पीएसआयवर चढतो, बदलाच्या क्षणी ८ पर्यंत उतरतो आणि लगेच पुन्हा १० वर जातो. आरएक्स-७ च्या मालकांना हा १०-८-१० चा आलेख तोंडपाठ असतो.

या अदलाबदलीमागची यंत्रणा फार देखणी आहे आणि तितकीच नाजूक. साडेचार हजारांच्या आधीच एक झडप थोडा एक्झॉस्ट दुसऱ्या टर्बोकडे सोडून त्याला फिरता करते. त्याने दाबलेली हवा तोवर दुसऱ्या झडपेतून बाहेर काढली जाते, आणि तिसरी झडप त्याची इंजिनाकडे जाणारी वाट बंद ठेवते. वेळ आली की एक्झॉस्टची मुख्य झडप पूर्ण उघडते, हवा सोडणारी मिटते, वाट अडवणारी उघडते. हे सगळं घडतं ते दाब आणि व्हॅक्यूम यांच्या जोरावर. हुकूम देणारे सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारे छोटे व्हॉल्व्ह, आणि तो पोचवणाऱ्या काही मिलिमीटर जाडीच्या डझनावारी रबरी नळ्या इंजिनावरच्या हवेच्या मॅनिफोल्डखाली दाटीवाटीने बसवलेल्या आहेत. रोटरी इंजिनाची उष्णता प्रचंड. वर्षानुवर्षं ती सोसून नळ्या कडक होतात, तडकतात, जोडावरून निसटतात. यातली एक नळी गेली, तरी महागडा टर्बो ठणठणीत असून गाडी निकामी वाटते.

म्हणून पान्हा उचलण्याआधी गेज बघावं. बहुतेक आरएक्स-७ मध्ये कंपनीचं बूस्ट गेज नव्हतं, त्यामुळे जाणकार मालक ते वेगळं बसवून घेतात. बूस्ट किती गेला यापेक्षा तो कोणत्या आरपीएमला गेला, हे महत्त्वाचं. खाली १० मिळतात, पण साडेचार हजारांनंतर काटा पडतो तो पडतोच, म्हणजे दुसरा टर्बो साथ देत नाही. मग मुख्य झडप उघडत नसेल, हवा सोडणारी मिटत नसेल किंवा वाट अडवणारी उघडत नसेल. उलट, खाली दाब कमी आणि वर ठीक असेल, तर वाट अडवणारी झडप नीट बंद होत नसावी. तसं झालं की पहिल्या टर्बोची हवा दुसऱ्यातून उलटी निसटते. दोन्ही टप्प्यांत दाब कमी असेल, तर संशय दोघांना सामाईक असलेल्या वाटेवर जातो: इंटरकूलर, त्याचे मोठे पाइप, त्यांचे जोड.

या वाटेची परीक्षा बंद इंजिनावर होते. टर्बोच्या तोंडाशी बूच बसवायचं आणि गॅरेजमधल्या काँप्रेसरची हवा रेग्युलेटरमधून हळूहळू सोडायची. दाब गाडीच्या नेहमीच्या बूस्टच्या वर जाऊ द्यायचा नाही. मग साबणाचं पाणी प्रत्येक जोडावर फवारायचं. वरून नवाकोरा दिसणारा पाइप क्लॅम्पच्या खाली, जिथे नजर पोचत नाही तिथे चिरलेला असतो. तिथून बारीक फेस वर येऊ लागतो. दाब नसताना ही चीर मिटलेली असते, त्यामुळे गॅरेजमध्ये इंजिन नुसतं चालू ठेवून ती कधीच सापडत नाही.

बारीक नळ्यांची पाळी पुढची. त्यासाठी गेज लावलेला व्हॅक्यूमचा हातपंप पुरतो. झडप व्हॅक्यूमने हलवणाऱ्या अॅक्च्युएटरला पंप जोडून व्हॅक्यूम ओढला, की त्याची दांडी सरकली पाहिजे आणि गेजचा काटा जागेवर थांबला पाहिजे. काटा हळूहळू परतला, तर आतला पडदा फाटलेला आहे. दांडी सरकली नाही, तर ती गंजून अडकलेली आहे. एकाच दिशेने हवा सोडणाऱ्या छोट्या व्हॉल्व्हमध्ये दोन्ही बाजूंनी फुंकून पाहायचं. हवा दोन्हीकडून गेली, तर तो बाद. हे काम कंटाळवाणं आहे, पण या गाडीला जीव लावणारे लोक ते करतात आणि सगळ्या नळ्या एकदाच सिलिकॉनच्या बसवून घेतात.

गळती नाही, झडपा ठीक आहेत, तरी गाडी ओढत नसेल, तर एक्झॉस्टकडे बघावं. आतून वितळलेला किंवा तुंबलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वायूला बाहेर पडू देत नाही, मग टर्बाइनला जोरच मिळत नाही. टर्बोचा नंबर यानंतर. हवेचा पाइप काढून दांडा बोटांनी हलवायचा. आडवी किंचित हालचाल चालते. पण दांडा पुढे-मागे सरकत असेल, किंवा पात्यांच्या कडा घासून आवरणावर ओरखडे उमटले असतील, तर मात्र टर्बो खरोखरच गेला.

दुसऱ्या गाड्यांत लक्षणं थोडी बदलतात. सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्समध्ये आत येणारी हवा टर्बोच्या आधीच मोजली जाते. मोजलेली हवा पुढे पाइपातून निसटली, तरी कॉम्प्युटर पेट्रोल पूर्ण सोडतो आणि सायलेन्सरमधून काळा धूर येतो. आरएक्स-७ मध्ये मॅनिफोल्डमधला दाब मोजतात, त्यामुळे तिची गळती बहुधा गाजावाजा न करता ताकद खाते.

सगळ्यात घातक उपाय म्हणजे गळती तशीच ठेवून बूस्ट कंट्रोलरने दाब वाढवणं. त्याने टर्बोला गरजेपेक्षा जास्त वेगाने फिरावं लागतं आणि हवा आणखी तापते. रोटरी इंजिनात अवेळी झालेला एखादा स्फोट रोटरच्या टोकावरचं सील तोडू शकतो. मग काही रुपयांच्या नळीपायी पूर्ण इंजिन उघडण्याची वेळ येते.

महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर आता टर्बो पेट्रोल गाड्या सर्रास दिसतात. चाकणला बनणाऱ्या स्कोडा कुशाक आणि फोक्सवॅगन टायगुनच्या १ लिटर इंजिनात टर्बो एकच आहे आणि त्याचा वेस्टगेट, म्हणजे जादा एक्झॉस्ट बाजूने सोडून बूस्ट आवरणारी झडप, विजेवर चालतो. नळ्यांचं जंजाळ नाही, स्कॅनर मात्र आहे. बूस्ट कमी पडला की आजच्या गाड्या बहुधा पी०२९९ हा कोड दाखवतात. पण हा कोड दाब कमी आहे एवढंच सांगतो, तो कुठे गेला ते सांगत नाही. केवळ त्याच्या भरवशावर टर्बो बदलायला मालकाने होकार देऊ नये. आधी पाइपांची दाबाची चाचणी करून घ्यावी. आणि गाडी नेताना मेकॅनिकला ‘पिकअप गेला’ एवढंच न सांगता कोणत्या गिअरमध्ये, किती आरपीएमला, इंजिन गार असताना की तापल्यावर आणि कोणत्या आवाजासकट गेला, हे लिहूनच द्यावं. निम्मी शोधाशोध तिथेच वाचते.