बोथट करवत आणि बाबांची कानस

“एवढ्याशा फांदीसाठी माणूस कशाला बोलवायचा?” असं म्हणत आमचे हे गेल्या पावसाळ्यात स्टुलावर चढले. अंगणातल्या पेरूची फांदी शेजारच्या भिंतीवर गेली होती. घरात करवत होती, पण घेतल्यापासून तिला कधी धार लावलेली नव्हती. ती फांदीत अडकली. ह्यांनी जोर केला, तशी ती उसळली आणि थेट डाव्या अंगठ्यावर आली. चार टाके पडले.

सासूबाई म्हणाल्या, “फेकून दे ती मेली करवत!” आठवड्यानं मी ती पिशवीत घालून हार्डवेअरच्या दुकानात गेले. दुकानदार हसला. “धार कोण लावते आता, ताई? नवीन घेऊन जा.”

मैत्रिणींनो, ते ऐकून मला एकदम लाजच वाटली. कारण मी वाढयाची मुलगी. अकोल्याला माझ्या बाबांनी चाळीस वर्षं सुतारकाम केलं. परतवाड्याच्या बाजारातून आलेलं मेळघाटचं सागवान आमच्या ओसरीवर पडलेलं असायचं, आणि सकाळी मला जाग यायची ती बाबांच्या कानशीच्या आवाजानं. तो आवाज पाठ होता, पण हातात कानस कधी घेतली नव्हती. बाबांनी ती विद्या माझ्या भावाला दिली. तो आता पुण्याला कंपनीत आहे आणि करवतीकडे बघतही नाही. मी बी.ए. झाले, अमरावतीला दिली, आणि एका शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते. अशा रीतीनं घरातली धार लावायची विद्या कोणाकडेच उरली नव्हती.

दिवाळीला माहेरी जाताना ती करवत जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून बरोबर घेतली. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं, तरी मनात एकच विचार, बाबांना सांगावं कसं? त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं राहिलंय. हातही थरथरतात. त्यांनी करवत हातात घेतली, दातांवरून आडवं बोट फिरवलं आणि म्हणाले, “काय करशीन तू हे शिकून? आता सारं प्लायवूडचं काम. आरीले कोन विचारते?”

मी ह्यांच्या अंगठ्याची गोष्ट सांगितली. बाबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “धारेची आरी हात नाही कापत. बोथट कापते. तिच्यावर जोर द्या लागते ना!” आणि आईला म्हणाले, “माही पेटी काढ वं.”

आधी करवत ओळखा

पहिली गोष्ट म्हणजे, सगळ्याच करवतींना धार लावता येत नाही. हल्ली दुकानात मिळणाऱ्या पुष्कळशा करवतींच्या दातांची टोकं निळसर काळी दिसतात. ती यंत्रावर इतकी कडक केलेली असतात की कानस त्यांवरून नुसती घसरते. अशी करवत झिजली की बदलायचीच. तिच्यावर कानस चालवाल तर करवत तशीच राहील आणि कानस मात्र वाया जाईल. शंका असली तर मुठीजवळच्या शेवटच्या दातावर एकदाच कानस हलकेच चालवून बघा. लोखंड कापल्याचा ‘खर्र’ असा आवाज आला तर कामाला लागा, कानस काचेवरून फिरल्यासारखी निसटली तर थांबा.

दुसरी गोष्ट म्हणजे दातांची जात. लाकडाच्या रेषांच्या दिशेनं उभं चिरायची करवत वेगळी आणि आडवी कापायची वेगळी. उभ्या करवतीचा प्रत्येक दात इवल्याशा पटाशीसारखा असतो, समोरून सरळ. आडव्या करवतीचा दात चाकूच्या टोकासारखा, बाजूनं तिरका तासलेला. आपल्या घरात बहुधा आडवी कापायचीच असते. धार लावताना तिची ही जात बदलू नये.

करवत बोथट झाली हे कसं ओळखायचं? दात उजेडाकडे करून धरा. टोकांवर पांढरे ठिपके चमकले तर ती टोकं चपटी झाली. धारदार टोक चमकत नाही. सागवानानं करवत लवकर बोथट होते, कारण त्या लाकडात वाळूच्या जातीचा बारीक अंश असतो. बाभूळ तर मुळातच कठीण.

धार लावताना

बाबांनी सांगितलं आणि मी केलं, तो क्रम असा.

आधी गंज काढा. पात्याला थोडं तेल लावून बारीक पॉलिशपेपरनं घासा आणि कोरडं पुसा. गंजावर कानस कधीच चालवू नये, त्यानं कानशीचे दात मरतात.

मग करवत दोन सपाट लाकडी पट्ट्यांमध्ये घट्ट धरा. दात वर आणि पट्ट्यांच्या बाहेर जेमतेम बोटभर. पट्ट्या टेबलाच्या कडेला क्लॅम्पनं आवळल्या तरी चालतं. पातं सैल राहिलं तर ते थरथरतं, किंचाळतं, आणि कानस उड्या मारते. आमच्या लहानपणी शेजारणी म्हणायच्या, “तुमच्या घरचा तो दात शिवशिवणारा आवाज!” खरं म्हणजे तसा आवाज आला की बाबा लगेच हात थांबवायचे आणि पातं पुन्हा आवळायचे.

आता चपटी कानस सगळ्या दातांच्या डोक्यांवरून लांबीनं एकदोनदा हलकेच फिरवा. उंच दात खाली येतात, सगळे एका रेषेत होतात. प्रत्येक डोक्यावर एक बारीक चमकता ठिपका दिसला पाहिजे. हाच ठिपका पुढं आपला वाटाड्या.

दात एक डावीकडे आणि एक उजवीकडे असे किंचित झुकलेले असतात, हे तुम्ही पाहिलं असेल. त्यामुळं चीर पात्यापेक्षा थोडी रुंद पडते आणि करवत अडकत नाही. हा झुकाव कमी झाला असेल तर तो कानस लावायच्या आधीच द्यायचा. त्यासाठी पकडीसारखं एक हत्यार मिळतं. दाताचा फक्त वरचा अर्धा भाग वाकवायचा, आणि ज्या बाजूला तो आधीच झुकलेला आहे त्याच बाजूला. उलटा वाकवला तर दात मोडतो. दरवेळी हे करावं लागत नाही, दोनतीन धारांनंतर एकदा पुरतं.

मग तिकोनी कानस. ती दोन दातांमधल्या खाचेत बसवा, आडवी धरा आणि जुन्या खाचेचाच उतार पाळा. उभ्या करवतीला कानस पात्याशी काटकोनात धरायची, आडव्या करवतीला जरा तिरपी. एक खाच सोडून एक अशा सगळ्या खाचा संपवा. मग करवत फिरवून दुसऱ्या बाजूनं उरलेल्या खाचा घ्या. प्रत्येक खाचेत ओढी सारख्याच, मी तर तोंडानं मोजते. पहिल्या फेरीत चमकता ठिपका निम्मा व्हावा आणि दुसरीत नाहीसा. तो गेला की थांबा, पुढची ओढ फुकट. एका बाजूला जास्त घासलं गेलं तर करवत लाकडात त्या बाजूला पळते.

बाबांना ते ठिपके आता दिसत नाहीत. ते माझ्या शेजारी डोळे मिटून बसले होते. मी नेटानं मागंपुढं घासत होते, तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं. “पुढं जाते तवा रेती कापते. मांगं येतांनी तिले उचलून घे. मांगं घासली का ते बुढी झाली.” थोड्या वेळानं पुन्हा, “आयकून पाय, आवाज बदलला. कचरा भरला तिच्यात.” आणि खरंच, कानशीच्या रेघांत लोखंडाचा चुरा अडकला होता.

कानशीचं आयुष्य वाढवायचं असेल तर

कानस ही करवतीपेक्षाही कडक पोलादाची असते, म्हणून तर ती करवतीला कापते. पण जितकी कडक तितकी ठिसूळ. जे. के.च्या कानशी आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या कारखान्यांत होतात आणि परदेशीही जातात. घरी मात्र आपण त्या खिळे-मोळ्यांच्या डब्यात टाकतो आणि वर्षभरात त्यांचं भंगार होतं. तेव्हा एवढं सांभाळा.

कानस पुढे जातानाच दाबायची, परत येताना उचलायची. नव्या कानशीचे दात सुईसारखे टोकदार असतात, सुरुवातीला तिच्यावर जोर देऊ नका.

वापरण्याआधी कानशीवर खडू घासा. चुरा रेघांत रुतून बसत नाही आणि लवकर झटकला जातो. माझ्यासारख्या मास्तरणीच्या पर्समध्ये खडूचे तुकडे असतातच! अडकलेला चुरा तारेच्या ब्रशानं रेघांच्या दिशेनं काढावा, आडवा नाही.

कानशीला तेल लावू नये आणि तिच्या अंगाला हातही लावू नये. तेलानं, घामानं ती घसरते. पावसाळ्यात कोरड्या कापडात, खडूचे दोन तुकडे घालून ठेवली की गंजत नाही.

तिकोनी कानशीला तीन कडा असतात. बहुतेक लोक एकच कड झिजवतात आणि कानस गेली असं म्हणतात. मी मुठीवर प्रत्येक कडेसमोर नेलपॉलिशचा एकेक ठिपका लावला आहे, लाल, गुलाबी, पांढरा. एक कड संपली की दुसरी.

दोन कानशी एकमेकींवर कधीही ठेवू नका. दोघी सारख्याच कडक, मग एकमेकींचे दात पाडतात. ह्यांच्या जुन्या जीन्सची मी एक गुंडाळी शिवली, दर कानशीला वेगळा कप्पा, वर नाडी. अर्ध्या तासाचं काम, मशीनवर जाड सुई मात्र लावा.

मूठ नसलेली कानस हातात घेऊ नका. तिचं टोकदार शेपूट तळहातात घुसतं. आणि कानशीनं डब्याची झाकणं उचकटू नका, ती काचेसारखी तुटते.

अगदी झिजलेली कानस स्वच्छ करून रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवावी. सकाळी तारेच्या ब्रशानं घासून, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुऊन लगेच वाळवावी. दात थोडे उघडतात आणि आणखी काही दिवस निघतात. नवी मात्र होत नाही.

शाळेचं कपाट

अकोल्याहून परत आले आणि मला आमच्या शाळेतलं मागच्या खोलीतलं कपाट आठवलं. कार्यानुभवाच्या काळातल्या अकरा करवती त्यात गंजत पडल्या होत्या. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला, पुढे १९६४-६६च्या कोठारी आयोगानं कार्यानुभवाची शिफारस केली. २०२०च्या नव्या धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांना सुतारकामासारख्या कामांची ओळख करून द्यावी असं आहे. कागदावर सगळं आहे, हत्यारं मात्र कुलपात. विचारलं तर उत्तर मिळालं, “मॅडम, ते भंगारात काढायचं आहे.”

मी म्हटलं, आधी चार मला द्या. त्या घरी आणल्या. पहिली बिघडवली, एका बाजूचे दात जास्त घासले गेले. दुसरी बरी झाली, तिसरी चांगली. मग सातवीच्या मुलींना खडू लावायला, गंज काढायला आणि मोजून ओढी घ्यायला शिकवलं. एका पालकांनी विचारलं, “मुलींना हे कशाला?” मी ह्यांच्या अंगठ्याची गोष्ट सांगितली. त्यांना ती पटली की नाही कोण जाणे, पण मुलगी येत राहिली. आता सात करवती कापतात. चार खरोखरच भंगाराच्या होत्या, त्या दिल्या.

संक्रांतीला त्यातली तिसरी करवत घेऊन पुन्हा अकोल्याला गेले. बाबांनी आईच्या डब्यातली शिवणाची सुई मागितली. दातांच्या दोन ओळींमध्ये जी बारीक नाली असते तिच्यात ती ठेवली आणि करवत हळूच तिरपी केली. सुई मुठीपासून टोकापर्यंत कुठंही न अडकता घसरत गेली. ती पडल्याचा बारीक आवाज झाला तशी बाबांनी मान हलवली. मग बाभळीचा एक तुकडा घेऊन त्यांनी स्वतः कापला, थरथरत्या हातानंच. कापलेल्या अंगावरून बोट फिरवलं.

“सरय चालली,” एवढंच म्हणाले, आणि आपल्या पेटीतली चपटी कानस, मुठीसकट, माझ्या जीन्सच्या गुंडाळीतल्या रिकाम्या कप्प्यात सरकवली.