मोटारीच्या आसनाचे कातडे : ओरखडा, चीर आणि दुरुस्ती

देवनहळ्ळी हे बंगळूर शहराच्या उत्तरेस सुमारे ४० किलोमीटर अंतरावर वसलेले गाव. टिपू सुलतानाचे जन्मस्थान आणि जुना किल्ला यांमुळे इतिहासाच्या वाचकांना ते परिचित आहे. मे २००८ मध्ये या गावाजवळ बंगळूरचा नवा आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला. विमानतळ शहरापासून दूर असल्यामुळे प्रवाशांची ने-आण करणाऱ्या मोटारींची वर्दळ या रस्त्यावर दिवसरात्र चालू असते.

मोटार चालवून चरितार्थ चालवणाऱ्या माणसाच्या दृष्टीने मोटारीचे आसन हे केवळ बसण्याचे साधन नसते. दार उघडताच प्रवाशाची दृष्टी प्रथम आसनावर पडते. आसन फाटलेले दिसले, की मोटारीची निगा नीट राखली जात नसावी, अशी शंका त्याच्या मनात येते. बॅगेची चेन, कमरपट्ट्याचे बक्कल, मागच्या खिशातील किल्ल्या अशा साध्या वस्तूंनी आसनावर ओरखडे उठतात. ओरखड्याकडे दुर्लक्ष झाले, तर त्याची भेग होते आणि भेगेची चीर. संपूर्ण आवरण बदलण्याचा खर्च मोठा असतो. वेळीच केलेली लहान दुरुस्ती मात्र थोडक्यात भागते. परंतु ही दुरुस्ती यशस्वी व्हायची असेल, तर हातात साहित्य घेण्यापूर्वी दोन प्रश्नांची उत्तरे मिळवावी लागतात. आसनाचे आवरण कशाचे आहे? आणि इजा किती खोल आहे?

आधी ओळख, मग उपाय

कातड्याची म्हणून ओळखली जाणारी सर्वच आसने खऱ्या कातड्याची नसतात. अनेक मोटारींत कापडी अस्तरावर प्लॅस्टिकचा थर चढवून तयार केलेले कृत्रिम कातडे वापरतात. त्याला सर्वसाधारण बोलण्यात रेक्झिन म्हणतात. काही मोटारींत बसण्याचा भाग खऱ्या कातड्याचा, तर बाजूचा आणि मागचा भाग कृत्रिम कातड्याचा असतो.

फरक ओळखण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे आवरणाची आतील बाजू पाहणे. चिरेच्या कडेला किंवा आसनाच्या खालच्या घडीत ती दिसते. खऱ्या कातड्याची आतील बाजू तंतुमय, मखमलीसारखी असते; कृत्रिम कातड्याच्या आत विणलेले कापड दिसते. वरच्या बाजूची नक्षी सर्वत्र अगदी सारखी असली, म्हणून ते कृत्रिमच असे मात्र नाही. कारण खऱ्या कातड्यावरही यंत्राने ठसा उमटवतात.

कातड्याची रचना

आसनासाठी वापरले जाणारे कातडे साधारणपणे एक ते सव्वा मिलिमीटर जाडीचे असते. एवढ्या जाडीतही त्याचे थर असतात. सर्वांत वर रंगाचा आणि त्यावर पारदर्शक संरक्षक लेपाचा अतिशय पातळ पापुद्रा असतो. त्याखाली कातड्याचा घट्ट, दाणेदार थर असतो आणि त्याच्याही खाली एकमेकांत गुंतलेल्या तंतूंचा जाड थर असतो. कातड्याला बळकटी येते ती या तंतूंमुळे.

नख हळूच फिरवल्यास ओरखड्याची खोली लक्षात येते. नख अडकले नाही, तर केवळ वरचा लेप खरवडला आहे असे समजावे. नख अडकले आणि तंतू उचकटलेले दिसले, तर इजा खोल आहे. आतला फोम दिसू लागला, तर तो ओरखडा राहिला नाही. ती चीर आहे. या तिन्ही इजांचे उपाय वेगवेगळे आहेत.

तेलाविषयीचा गैरसमज

कोल्हापुरी चपलेला तेल लावून ती मऊ करण्याची रीत महाराष्ट्रात आणि सीमेपलीकडील कर्नाटकातही सर्वांच्या परिचयाची आहे. या चपलेचे भौगोलिक मानांकन दोन्ही राज्यांतील जिल्ह्यांना मिळून लाभले आहे. तिचे कातडे बाभळीची साल, हिरडा अशा वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावतात. त्यावर जाड रंगलेप नसतो. त्यामुळे तेल सहज आत मुरते आणि तंतू मऊ होतात.

मोटारीच्या आसनाचे कातडे बहुतेक वेळा क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले असते आणि त्यावर रंगाचा व संरक्षक द्रव्याचा लेप असतो. या लेपातून तेल आत फारसे मुरत नाही. ते पृष्ठभागावर राहते, त्यावर धूळ बसते, प्रवाशाच्या कपड्यांना डाग पडतात आणि पुढे दुरुस्तीचा रंग त्या जागी धरत नाही. बुटाच्या पॉलिशचेही तसेच आहे. चपलेला जे मानवते ते आसनाला मानवेलच असे नाही. कारण दोन्ही कातडी असली, तरी त्यांच्यावर झालेले संस्कार वेगळे आहेत.

ओरखड्याची दुरुस्ती

कोणत्याही दुरुस्तीची सुरुवात स्वच्छतेने होते. आधी धूळ झटकून किंवा यंत्राने ओढून घ्यावी. मग सौम्य साबणाच्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या मऊ फडक्याने आसन पुसावे आणि सावलीत वाळू द्यावे. क्रोमने कमावलेले कातडे किंचित आम्लधर्मी असते. कपडे धुण्याचा साबण आणि सोडा अल्कधर्मी असल्यामुळे ते कातड्याला हानिकारक ठरतात. पेट्रोल, थिनर यांसारख्या द्रव्यांनी डाग जातो. परंतु त्याबरोबर रंगलेपही निघून येतो.

ओरखडा वरवरचा असेल, तर कातड्यासाठीच बनवलेला पाण्यात मिसळणारा रंग पुरेसा होतो. तो स्पंजच्या लहान तुकड्याने, अतिशय पातळ थरांत लावावा. एक थर पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा देऊ नये. ओला रंग आणि वाळलेला रंग यांच्या छटेत फरक असतो. म्हणून आधी आसनाच्या न दिसणाऱ्या भागावर लावून तो वाळल्यावर छटा पडताळावी. शेवटी पारदर्शक संरक्षक लेप द्यावा; नाहीतर कपड्यांच्या घर्षणाने नवा रंग लवकर झिजतो.

तंतू उचकटले असतील, तर ते आधी बारीक कात्रीने कापून घ्यावेत आणि कडा बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासून समतल कराव्यात. मग लवचीक भरावद्रव्याचे पातळ थर एकावर एक द्यावेत. एकदम जाड थर दिल्यास तो आक्रसतो आणि खळगा तसाच राहतो. भराव वाळून समतल झाल्यावरच रंग द्यावा.

चिरेची दुरुस्ती

चीर केवळ वरून चिकटवून टिकत नाही. तिला आतून आधार द्यावा लागतो. चिरेपेक्षा सर्व बाजूंनी थोडे मोठे, गोल कोपऱ्यांचे मजबूत कापडाचे ठिगळ कापून घ्यावे. चिमट्याने ते चिरेतून आत सरकवून कातडे आणि फोम यांच्यामध्ये पसरावे. नंतर कातड्याची आतील बाजू आणि ठिगळ यांमध्ये लवचीक चिकटद्रव्य लावावे. चिरेच्या कडा एकमेकींवर न चढवता अगदी शेजारी आणाव्यात आणि वाळेपर्यंत त्यांवर सपाट वजन ठेवावे. पुढचे भराव व रंग यांचे काम पूर्वीप्रमाणेच करावे.

क्षणात घट्ट होणारे चिकटद्रव्य येथे वापरण्याचा मोह होतो. ते वाळल्यावर काचेसारखे कडक होते. माणूस बसला की आसन दबते, कडक भाग मात्र दबत नाही; परिणामी त्याच्या काठाने कातडे पुन्हा फाटते. चिरेवर टाके घालणेही योग्य नव्हे. कारण सुईच्या छिद्रांची रांग कातड्याला आणखी दुर्बल करते. मूळ शिवण उसवली असेल, तर मात्र जुन्याच छिद्रांतून पॉलिस्टरच्या पक्क्या दोऱ्याने ती पुन्हा शिवावी.

कृत्रिम कातड्याच्या लहान चिरेलाही आतून ठिगळ देता येते. रंग मात्र त्या पृष्ठभागावर धरणारा, वेगळा घ्यावा लागतो. त्याला मऊ ठेवणारी द्रव्ये उन्हाने हळूहळू निघून गेली आणि ते जागोजागी तडकू लागले, तर दुरुस्ती टिकत नाही. तेव्हा तो भाग बदलणेच हिताचे. खऱ्या कातड्यातही चीर लांब असेल किंवा शिवणीपर्यंत पोहोचली असेल, तर कुशल कारागिराकडून तेवढाच तुकडा बदलून घेता येतो. सर्व आवरण टाकून द्यावे लागत नाही.

जेथे हात लावू नये

अनेक मोटारींत पुढच्या आसनाच्या पाठीच्या बाहेरील कडेत हवेची सुरक्षा पिशवी, म्हणजे एअरबॅग, बसवलेली असते. त्या जागी बहुधा एअरबॅग असे लिहिलेली लहान पट्टी दिसते. बाजूने धडक बसल्यास ही पिशवी सेकंदाच्या काही शतांश भागात फुगून बाहेर येते. तिला वाट मिळावी म्हणून तेथील शिवण विशिष्ट दोऱ्याने, ठरावीक ताणाला उसवेल अशी घातलेली असते.

ती शिवण मजबूत दोऱ्याने पक्की केली, तेथे ठिगळ चिकटवले किंवा घट्ट आवरण चढवले, तर पिशवीची वाट अडते. आसन सुंदर दिसेल, परंतु अपघाताच्या क्षणी बसणाऱ्याचे रक्षण होणार नाही. म्हणून त्या भागाची दुरुस्ती उत्पादकाच्या सूचनांप्रमाणे काम करणाऱ्या प्रशिक्षित कारागिराकडेच सोपवावी.

चांगली शिवण घट्टच असली पाहिजे, असा सर्वसाधारण अनुभव आहे. येथे मात्र वेळ येताच उसवणारी शिवण हीच चांगली शिवण ठरते. ओरखडा मिटवण्याचे कौशल्य सरावाने येते. प्रत्येक भाग कशासाठी तसा घडवला आहे, हे जाणून घेतल्यावरच त्याला हात लावावा, हा विवेक त्या कौशल्याइतकाच आवश्यक आहे.