आमरीच्या शोधात एक संथ दिवस

चैत्र सुरू झाला की कसारा लोकलच्या खिडकीतून दिसणारा प्रदेश बदललेला असतो. टिटवाळा, खडवली, वाशिंद मागे पडते, झाडांवरची पाने विरळ होत जातात, पळसाचा केशरी बहर ओसरत आलेला असतो आणि डाव्या हाताला माहुलीचे सुळके उभे राहतात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे ८६ किलोमीटरवरच्या आसनगाव स्थानकात उतरणाऱ्यांपैकी बहुतेकांना गडाचा माथा गाठायचा असतो. १६३६ मध्ये मोगल आणि आदिलशाही फौजांच्या वेढ्यात शहाजीराजांना शरण जावे लागले, तो हाच गड. मात्र या दिवसांत माथ्यापर्यंत न जाताही पाहण्यासारखे बरेच काही पायथ्याच्या रानात असते. फक्त त्यासाठी मान वर करावी लागते. पानगळ झालेल्या झाडांच्या खोडांवर आणि फांद्यांच्या बेचक्यांत रानटी ऑर्किड, म्हणजेच आमरी, फुलण्याच्या तयारीत असते.

युरोपातील हौशी निसर्गप्रेमी दर वसंतात क्रीट, सायप्रस किंवा दक्षिण इटलीकडे याच कारणासाठी जातात. शिखरे सर करणे हा त्यांचा हेतू नसतो. दिवसभरात चार-पाच किलोमीटर चालायचे, गवतात उगवलेल्या ऑर्किडसमोर गुडघे टेकून बसायचे, पाखरे ऐकायची, सावलीत जेवायचे आणि परतायचे. अशी निवांत सुटी आपल्याकडे फारशी रुजलेली नाही. आपली सहल एक तर देवदर्शनाची असते, नाही तर दमछाकीची. आरोग्याच्या दृष्टीने पाहिले, तर चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्यांना या तिसऱ्या प्रकाराची गरज अधिक आहे.

आमरी म्हणजे बांडगूळ नव्हे

झाडावर वाढलेली कोणतीही वनस्पती दिसली की तिला सर्रास ‘बांडगूळ’ म्हटले जाते. खरे बांडगूळ आपली मुळे यजमान झाडाच्या आत घुसवून त्यातील पाणी आणि क्षार शोषते. आमरी तसे काही करत नाही. तिला झाडाकडून फक्त बसायला जागा आणि उजेड हवा असतो. तिच्या लोंबत्या मुळांवर स्पंजासारखे पांढरट आवरण असते. पावसाचे पाणी, दव आणि सालीवर साचलेला कचरा भिजून त्यातून निघालेले क्षार हे आवरण टिपून घेते. मूळ ओले झाले की ते हिरवे दिसू लागते, कारण आतल्या हरितद्रव्याचा रंग वर उमटतो. जाड पाने किंवा फुगीर खोड ही तिची पाण्याची टाकी. त्या साठ्यावर ती आठ महिन्यांचा कोरडा काळ काढते.

तिचे बी मात्र अगदीच परावलंबी असते. एका फळात धुळीसारख्या बारीक बिया हजारोंच्या, काही जातींत लाखोंच्या संख्येने असतात, पण ज्वारीच्या दाण्यात जशी अंकुराची शिदोरी असते तशी त्यांच्यात नसते. योग्य जातीची सूक्ष्म बुरशी भेटली, तरच तिच्याकडून पोषण घेऊन बी रुजते. त्यानंतर फूल येईपर्यंत अनेक वर्षे जातात. म्हणूनच हौसेने ओरबाडून घरच्या कुंडीत आणलेली रानटी आमरी बहुधा जगत नाही आणि रानातली तिची जागाही सहजी भरून निघत नाही.

भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या यादीत देशातील ऑर्किडच्या १,२५६ जाती नोंदवल्या आहेत. महाराष्ट्रात शंभरावर जाती आढळतात आणि त्यांतील बहुतेक सह्याद्रीच्या आधाराने राहतात.

दोन वसंत, दोन वेळापत्रके

भूमध्य समुद्राभोवतीच्या प्रदेशात पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. तिथली ऑर्किड जमिनीत कंद राखतात, हिवाळी ओलाव्यावर पाने काढतात आणि मार्च ते मे या काळात फुलून उन्हाळ्यापूर्वी पुन्हा मातीत दडतात. आपल्याकडे पाऊस जून ते सप्टेंबर. त्यामुळे जमिनीवरच्या हबेनारियासारख्या आमरी पावसाळ्यात फुलतात, तर झाडावरच्या अनेक जाती साठवलेल्या पाण्याच्या भरवशावर ऐन कोरड्या दिवसांत. फांद्या उघड्या असल्याने त्यांची फुले दुरूनही नजरेत येतात, कीटकांच्या आणि आपल्याही.

सह्याद्रीच्या रानात फेब्रुवारी ते एप्रिल या काळात पर्णहीन कांड्यांवर पांढऱ्या फुलांचे झुबके दिसले, तर ते डेंड्रोबियम बार्बाट्युलम असण्याची शक्यता मोठी. ही जात पश्चिम घाटाबाहेर सापडत नाही. उन्हाळा चढू लागला की वांडा टेसेलाटा फुलते. तिच्या पिवळट पाकळ्यांवर तपकिरी चौकटींची नक्षी असते, ओठासारखी पाकळी निळसर-जांभळी आणि फुलाला मंद सुगंध. मेअखेरीस, वळिवाच्या सरींच्या सुमारास, गुलाबी ठिपक्यांची एरिडीस आणि ‘सीतेची वेणी’ या सुंदर मराठी नावाची ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसा यांचे लोंबते गजरे दिसू लागतात. हीच सीतेची वेणी आसामात ‘कोपौ फूल’ म्हणून ओळखली जाते आणि वसंतातील बिहू नृत्यात तरुणी ती केसांत माळतात. तेव्हा एका सहलीत सारे दिसेल, अशी अपेक्षा ठेवू नये. मार्चमधली एक फेरी आणि जूनच्या तोंडावरची दुसरी असा बेत केला, तर निराशा होत नाही.

भूमध्य प्रदेशातील ऑफ्रिस या ऑर्किडची करामत जगप्रसिद्ध आहे. तिचे फूल मादी मधमाशीसारखे दिसते आणि मादीसारखाच गंध सोडते. फसलेला नर फुलाशी झटतो आणि परागांचे गाठोडे डोक्यावर घेऊन पुढच्या फुलाकडे जातो. अल्जिरियात न्यायाधीश असलेल्या पुयान यांनी वर्षानुवर्षे निरीक्षण करून १९१६ मध्ये हे उलगडून दाखवले. सह्याद्रीतही कॉटोनिया नावाच्या आमरीचे फूल पाहिले, की फांदीवर मधमाशीच बसली आहे असे वाटते.

माहुलीचे रान तानसा अभयारण्याचा भाग आहे. मुंबईला पाणी देणाऱ्या तानसा धरणाभोवतीच्या या जंगलात २०१४ मध्ये रानपिंगळा दिसला. शतकभराहून अधिक काळ नाहीसा समजला गेलेला हा छोटा घुबडवर्गीय पक्षी १९९७ मध्ये नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ पुन्हा सापडला होता. तो दिवसाही वावरतो. एरवी या दिवसांत तांबटाची ‘टुक टुक’, पावशाची चढत जाणारी हाक आणि मोहाच्या फुलांचा उग्र-गोड वास एवढी सोबत हमखास असते.

कंदाला जडलेली आशा

ऑर्किड हा शब्दच ग्रीक भाषेतील वृषणावरून आला, कारण भूमध्य जातींचे जोडकंद तसे दिसतात. ज्याचा आकार जसा तसा त्याचा गुण, या समजुतीने हे कंद पौरुषवर्धक ठरले. त्यांच्या पिठाचे ‘सालेप’ हे गरम पेय तुर्कस्तानात आजही आवडीने पितात आणि आपल्या बाजारातील ‘सालममिश्री’ ही त्याच कुळातली. एक किलो पिठासाठी हजाराहून अधिक कंद खणावे लागतात आणि प्रत्येक कंदामागे एक रोप जाते. म्हणून तुर्कस्तानने सालेपच्या निर्यातीवर बंदी घातली. त्या पिठात मुख्यतः पाण्यात फुगणारा चिकट पिष्टमय तंतू आणि स्टार्च असतो. तो पोटाला बरा वाटतो, परंतु पौरुषाशी त्याचे नाते केवळ आकाराचे.

आयुर्वेदातील अष्टवर्गापैकी जीवक, ऋषभक, ऋद्धी आणि वृद्धी या चार वनस्पती हिमालयातील ऑर्किड मानल्या जातात. च्यवनप्राशाच्या मूळ पाठात त्यांपैकी काही येतात. त्या दुर्मीळ आहेत, हे सोळाव्या शतकातील ‘भावप्रकाश’कारांनाही ठाऊक होते. त्यांनी जीवक-ऋषभकाऐवजी विदारीकंद आणि ऋद्धी-वृद्धीऐवजी वाराहीकंद वापरण्याची मुभा दिली. ‘रास्ना’ या नावाखाली काही प्रांतांत वांडाची मुळे विकली जातात, तर उत्तरेत त्याच नावाने वेगळीच वनस्पती वापरतात. नाव एक आणि वस्तू भिन्न, अशा स्थितीत रानातून मूळ उपटून सांधेदुखीवर उगाळणे ना रुग्णाच्या हिताचे, ना रानाच्या.

संथ चालण्याने काय साधते?

पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयात १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी रॉजर उलरिच यांनी तपासल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. १९८४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हा अभ्यास आला. २०१९ मध्ये इंग्लंडमधील सुमारे २० हजार लोकांच्या पाहणीत, आठवड्याला किमान १२० मिनिटे निसर्गात घालवणाऱ्यांमध्ये स्वतःची प्रकृती चांगली असल्याचे सांगणारे अधिक आढळले. ही दोन तास सलग असोत वा तुकड्या-तुकड्यांनी, फरक पडत नव्हता. अशा पाहणीवरून झाडे पाहिल्यानेच प्रकृती सुधारली असे सिद्ध होत नाही, कारण मुळात धडधाकट माणसेच अधिक बाहेर पडतात. तरीही चालणे, रक्तदाब, साखर आणि झोप यांचे नाते पुरेसे पक्के आहे.

आमरी शोधण्यात आणखी एक फायदा आहे. फूल शोधणारा माणूस आपोआप हळू चालतो, दर दहा पावलांवर थांबतो, दूर पाहतो, जवळ पाहतो. पडद्यावर खिळलेल्या डोळ्यांना आणि सतत घाईत असलेल्या मनाला एवढा पालट पुरतो.

निघण्यापूर्वी

निवांत सहलीलाही शिस्त लागते. मार्च-एप्रिलमध्ये शहापूर तालुक्यातील ऊन मुंबईपेक्षा कोरडे आणि कडक असते. पहिल्या लोकलने निघावे, अकराच्या आत सावली गाठावी. प्रत्येकी किमान तीन लिटर पाणी आणि ओआरएसची पाकिटे जवळ असावीत. धरणांच्या या तालुक्यात उन्हाळ्यात पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते, त्यामुळे गावकऱ्यांच्या हंड्यावर विसंबून जाऊ नये. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी, तसेच हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी पाणी आणि क्षार किती घ्यावेत हे आधी डॉक्टरांना विचारावे. मधुमेहींनी उपाशीपोटी चालू नये, खिशात साखर ठेवावी आणि परतल्यावर तळपाय तपासावेत.

चालताना कोणी असंबद्ध बोलू लागला, त्याचा तोल जाऊ लागला आणि अंग भाजल्यासारखे तापले, तर तो उष्माघात समजावा, मग घाम येत असो वा नसो. त्याला सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि १०८ वर फोन करावा. शुद्ध हरपत असलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नये.

वर पाहत चालू नये. थांबावे, मग वर पाहावे. रानातल्या मुरगळण्याचे साधे कारण तेच असते. द्विनेत्री असली, तर मानही कमी अवघडते. दगड उलटणे, ढोलीत हात घालणे, सुटलेली साल उचकटणे टाळावे, कारण फुरसे आणि लाल विंचू दोघेही अशाच जागी दिवस काढतात. साप चावल्यास आवळून बांधणे, चिरा देणे, चोखणे यांतील काहीही करू नये. अवयव स्थिर ठेवून लगेच प्रतिसर्पविष उपलब्ध असलेल्या सरकारी रुग्णालयात न्यावे. विंचूदंशानंतर घाम, उलटी, हातपाय गार पडणे ही लक्षणे हृदयावरच्या ताणाची असतात. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाड परिसरातील रुग्णांवर प्राझोसिनचा उपयोग करून १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडलेल्या उपचाराने अनेकांचे प्राण वाचले आहेत, पण त्यासाठी वेळेत पोहोचावे लागते. कड्यांवर आग्या मोहोळ असते. अत्तर, धूर आणि आरडाओरडा तिथे नको.

फूल फांदीवरच

उन्हाळ्यात या रानावर मोठे संकट येते ते वणव्याचे. मोहाची फुले वेचण्यासाठी झाडाखालचा पालापाचोळा जाळला जातो, कुठे शिकारीसाठी आग लावली जाते, तर कुठे सहलीला आलेल्याची विडी पुरते. आमरी उंचावर असली, तरी खालच्या फांद्यांवरील रोपे होरपळतात आणि तिच्या बियांना जगवणारा सालीवरचा ओलावा, शेवाळ नि बुरशीही जाते. वेचणाऱ्याच्या घरात मोहाचे पैसे येतात, तेव्हा त्याला दोष देणे सोपे असते. सहलीच्या जागी काडी न पेटवणे त्याहून सोपे आहे आणि ते आपल्या हातात आहे.

अभयारण्यातून वनस्पती नेणे हा गुन्हा आहे. ऑर्किडचा आंतरराष्ट्रीय व्यापारही ‘साइटिस’ करारानुसार नियंत्रित आहे. वाऱ्याने फांदी मोडून आमरी जमिनीवर पडलेली दिसली, तर ती घरी नेण्याऐवजी जवळच्या खडबडीत सालीच्या झाडावर, सावलीच्या बाजूला, सुंभाने बांधून ठेवावी. पावसाळ्यात मुळे पुन्हा साल धरतात. पुढच्या वर्षी मेअखेरीस त्याच झाडाखाली येऊन वर पाहायला आसनगावचे एक तिकीट पुरेल.