बिनसळईचे छत

प्रदर्शनासाठी उभारायची आणि प्रदर्शन संपले की उतरवायची, अशा वास्तूंकडे आपण शोभेची वस्तू म्हणूनच पाहतो. बऱ्याच पॅव्हिलियनांची पात्रता त्यापलीकडे नसतेही. पण त्यातली मोजकी काही म्हणजे पूर्ण मापाचे प्रयोग असतात, आणि बांधकामशास्त्राला असा प्रयोग करायला दुसरी जागा फारशी उरत नाही. राहत्या इमारतीत मानके पाळावीच लागतात, तिथे धाडस नको हेच बरोबर. प्रयोगशाळेत काँक्रीटचा ठोकळा दाबून तपासता येतो, अख्खे छत नाही. ज्यात कोणी राहणार नाही, जे काही महिन्यांत उतरवायचे आहे, त्याच छताला नवा प्रश्न विचारण्याची मुभा असते.

2016 च्या व्हेनिस वास्तुकला बिएनालेतले ‘आर्माडिलो व्हॉल्ट’ घ्या. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या फिलिप ब्लॉक यांच्या संशोधनगटाने अभियंते आणि टेक्सासमधले दगडकाम करणारे कारागीर यांच्या साथीने ते उभे केले. चुनखडीचे 399 दगड, 15 मीटरहून मोठा गाळा, आणि सर्वांत पातळ जागी जाडी फक्त 5 सेंटीमीटर. दगडांच्या मध्ये ना चुना, ना सिमेंट, ना सळई. गाळा आणि जाडी यांचे गुणोत्तर काढले तर अंड्याचे कवच याच्यापुढे जाडजूड ठरते. यामागची कल्पना सतराव्या शतकातल्या रॉबर्ट हूकची. दोन टोकांना टांगलेली साखळी आपोआप असा आकार घेते, की तिच्यात फक्त ताण उरतो. तोच आकार उलटा करून दगडात बांधला की त्यात फक्त दाब येतो. दगड दाबाला खंबीर आणि ताणाला कच्चा, म्हणून आकार नेमका साधला की सळईची गरजच संपते. ब्लॉक यांच्या गटाने एका साखळीऐवजी त्रिमितीय जाळे संगणकावर सोडवले. राहिला पायांचा बाहेर सरकू पाहणारा रेटा. हे छत ज्यात उभारले त्या आर्सेनालच्या ऐतिहासिक इमारतीच्या जमिनीत काहीही ठोकण्याची सोय नव्हती, तेव्हा पाय एकमेकांना पोलादी पट्ट्यांनी बांधून तो रेटा तिथल्या तिथे जिरवला.

संगणकाने एवढे सांगितले, तर मग 24 टन दगड रचायची गरज काय? आक्षेप वाजवी आहे, आणि दिसतो त्याहून बळकट आहे. त्यावर गॅलिलिओचे उत्तर देता येईल: त्याने 1638 मध्ये दाखवले होते की मापे दुप्पट केली तर वजन आठपट होते पण छेदाचे क्षेत्रफळ चौपटच. म्हणून छोट्या नमुन्यावरून मोठ्या वास्तूची ताकद सांगता येत नाही. गंमत अशी, की दगडी कमानीला हा नियम सहसा जाचत नाही. तिथला दाब दगडाच्या ताकदीच्या मानाने किरकोळ असतो. कमान पडते ती आकार चुकल्यामुळे, आणि आकार लहान नमुन्यातही तोच राहतो. म्हणजे छत उभे राहील की नाही, याचे उत्तर टेबलावरही मिळाले असते. न मिळालेली उत्तरे कारागिरीची होती. प्रत्येक दगड वेगळ्या आकाराचा. तो दोन्ही बाजूंनी घडवायचा तर यंत्रावर पालथा करावा लागतो, आणि त्यात वेळ जातो नि चूकही शिरते. म्हणून एक बाजू सपाटच ठेवली. दुसरीवर पात्याने शेजारी-शेजारी समांतर काप घेतले, मधले पातळ पापुद्रे हातोडीने उडवले आणि राहिलेले चरे तसेच दिसू दिले. सांधे किती काटेकोर हवेत, लाकडी सेंटरिंग कोणत्या क्रमाने खाली घ्यायचे, हे पडद्यावर कळत नाही. संगणक आदर्श दगड गृहीत धरतो, गवंड्याच्या हातात खरा दगड असतो.

उधळपट्टीच्या आक्षेपापुढे मात्र मला थोडे नमते घ्यावे लागते. दगडांना तोटा नसलेल्या इटलीत टेक्सासहून दगड आणणे विचित्रच. बिनसिमेंटचे असल्याने ते सुटे करता येतात, एवढाच बचाव. खरा हिशेब पुढच्या कामाचा आहे. सिमेंटनिर्मितीतून जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनापैकी 7 ते 8 टक्के वाटा येतो, आणि बहुमजली इमारतीतले बरेचसे काँक्रीट स्लॅबमध्येच जिरते. सपाट स्लॅब वाकतो, खालच्या अंगाला ताण येतो, म्हणून सळई लागते आणि जाडीही लागते. याच गटाने तोच दाबाचा विचार लावून बारीक फासळ्यांची पातळ काँक्रीटची कमानदार तक्तपोशी घडवली. रेटा सांभाळायला पट्ट्या इथेही आहेतच. तेवढ्याच सपाट स्लॅबच्या तुलनेत काँक्रीट सुमारे 70 टक्क्यांपर्यंत वाचू शकते, असा त्यांचा दावा आहे. झुरिकजवळच्या ड्युबेनडॉर्फ इथे 2021 मध्ये खुल्या झालेल्या ‘हायलो’ या वापरातल्या इमारतीत ती बसवलेली आहे.

तरीही लगेच आपल्या बिल्डरांनी ती उचलावी, असे म्हणण्यात अर्थ नाही. कमानीवर वजन एकाच बाजूला पडले की तिचा आकार चुकीचा ठरतो. फासळ्या आहेत त्या त्यासाठीच. पातळ छतातून आवाज जास्त येतो, आगीची वेगळी तपासणी लागते. आणि सर्वांत महाग पडतो साचा. सपाट स्लॅबला प्लायवूडचे शटरिंग पुरते. वक्र तक्तपोशीला वक्र साचा लागतो, आणि तो पुन्हा पुन्हा वापरता आला नाही, तर वाचलेल्या सिमेंटची किंमत सुतारकामातच जाते. व्हेनिसमध्येच 2021 साली याच गटाने झाहा हदीद आर्किटेक्ट्सबरोबर ‘स्ट्रायेटस’ हा पादचारी पूल उभारला तो याच कोंडीवर उपाय म्हणून: थ्रीडी छपाईने थर-थर छापलेले काँक्रीटचे 53 पोकळ ठोकळे, सळई नाही, मसाला नाही. ठोकळे घडवायला साचा लागला नाही, पण ते जागेवर रचताना खाली सेंटरिंग लागलेच.