चौतीस न्यूट्रॉनांचं कॅल्शियम

अणुकेंद्राच्या शेल मॉडेलची इनपुट फाइल उघडली की वर चार आकडे दिसतात, चार कक्षांच्या ऊर्जांचे. खाली १९५ आकड्यांची यादी: कोणत्या कक्षांतले दोन कण एकमेकांना किती ओढतात किंवा ढकलतात. कॅल्शियम-४०चा गाभा स्थिर धरायचा आणि वरचे प्रोटॉन-न्यूट्रॉन या कक्षांत शक्य तितक्या तऱ्हांनी बसवायचे.

कॅल्शियम-४८मध्ये वर फक्त आठ न्यूट्रॉन. मांडण्या १,२५,९७०, लॅपटॉप चुटकीसरशी उरकतो. निकेल-५६मध्ये जोडीला आठ प्रोटॉन आले की त्या १,५८७ कोटींवर जातात. कोनीय संवेगाचा अक्षावरचा घटक शून्य असलेल्याच ठेवल्या तरी सुमारे १०९ कोटी उरतात. एवढा एकच व्हेक्टर मेमरीत जवळजवळ पावणेनऊ जीबी खातो. म्हणून लान्झोसची १९५०ची पद्धत: व्हेक्टरला मॅट्रिक्सने गुणायचं, आधीच्या व्हेक्टरांचा वाटा वजा करायचा, पुन्हा गुणायचं. स्क्रीनवर किमान ऊर्जा आधी झपाझप उतरते, मग दशांशानंतरचा एकेक अंक स्थिरावत जातो. तो शेवटचा अंक थांबेपर्यंत माझ्याने खुर्ची सोडवत नाही.

पण खरी कसोटी त्या १९५ आकड्यांची. होन्मा, ओत्सुका, ब्राऊन आणि मिझुसाकी यांनी ८७ अणुकेंद्रांच्या ६९९ मोजलेल्या ऊर्जांशी ताडून ते बसवले. त्यातून धाडसी भाकीत निघालं: कॅल्शियमच्या केंद्रात ३४ न्यूट्रॉन झाले की कवच बंद होईल. कारण पटण्यासारखं आहे. एफ-७/२ कक्षेतले प्रोटॉन एफ-५/२मधल्या न्यूट्रॉनांना खाली ओढून धरतात. कॅल्शियममध्ये ते प्रोटॉनच नाहीत, त्यामुळे ती न्यूट्रॉन कक्षा वर सरकते आणि खाली फट पडते.

टायटॅनियम-५६मध्ये मात्र गणित फसलं. फट मोठी तर पहिली उत्तेजित पातळी उंच; ती मोजली तर १.१३ एमईव्ही, भाकितापेक्षा बरीच खाली. १९५पैकी पाच आकडे सुधारले गेले. प्रयोगापुढे असं नमतं घेणं मला या कामातलं सर्वांत मोलाचं वाटतं. पण सुधारणेनंतरही कॅल्शियमचं भाकीत त्यांनी सोडलं नाही. २०१३मध्ये जपानच्या रिकेन संस्थेत ३४ न्यूट्रॉनांच्या कॅल्शियम-५४ची तीच पातळी मोजली गेली: २.०४ एमईव्ही, कॅल्शियम-५०च्या जवळजवळ दुप्पट. फट खरोखर होती.

२०१८मध्ये तिथेच कॅल्शियम-६० सापडलं. त्याच्या ४० न्यूट्रॉनांसाठी जी-९/२ कक्षाही धरावी लागते, आणि जुनी यादी तिथे अपुरी पडते.