राबाचा धूर

वैशाखातल्या एका सकाळी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक छायाचित्र झळकले. सातव्या मजल्याच्या गॅलरीतून काढलेले. खाली शेताचा तुकडा, त्यावर करडा धूर आणि कडेला काठी घेऊन उभी असलेली एक वाकलेली आकृती. मजकूर होता, 'कचरा जाळणाऱ्या या इसमाविरुद्ध तक्रार करावी काय?' तासाभरात एकोणीस अंगठे उमटले.

मी गप्प बसले. तो इसम म्हणजे माझे सख्खे काका, आमचे तात्या.

१९७० साली सिडको स्थापन झाली आणि पुढे नव्या मुंबईसाठी पनवेल-उरणकडच्या गावांची जमीन घेतली गेली. त्यात आमच्या आजोबांचीही बरीचशी गेली. उरली ती गाढी नदीच्या अंगाची दीड एकर भातजमीन. तात्यांनी ती पंचाहत्तरीतही सोडलेली नाही. डोक्यावरून आता नव्या विमानतळाची विमाने जातात, आणि खाली तात्या राब भाजतात.

माझ्या वर्गातल्या मुलांना 'राबणे' ठाऊक असते, 'राब' ठाऊक नसतो. खरे सांगायचे तर मीही कित्येक वर्षे त्याला अडाणीपणाच समजत होते. चांगला पालापाचोळा जाळून टाकायचा, हे कसले शेत? पण भाताची लावणी करायची तर आधी रोप हवे, आणि रोपासाठी वाफा हवा. एकराच्या लावणीला चार गुंठ्यांचा. त्या वाफ्यावर खाली शेणाचा चुरा, वर हिवाळ्यात तोडून वाळवलेली ऐना-किंजळीची कवळ, त्यावर गवत, पातेरा आणि सर्वांत वर बारीक मातीचा थर. माती अशासाठी, की आग भडकू नये. राब जाळायचा नसतो, भाजायचा असतो. म्हणून वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवतात. आग मुंगीच्या पावलांनी सरकते, जमीन तापते, तणाचे बी मरते आणि राख जागेवरच राहते. पहिल्या पावसात ती मातीत मुरते.

या कवळीपायी एकेकाळी मोठे रण माजले होते. इंग्रजांनी जंगले राखीव केली, कवळ तोडायला बंदी आली आणि ठाणे-कुलाब्याचे शेतकरी खवळले. १८८५ साली सरकारला त्यासाठी खास आयोग नेमावा लागला. पुढे डॉ. फोल्कर नावाचे कृषिरसायनतज्ज्ञ विलायतेहून आले. त्यांच्या १८९३ च्या अहवालात राबाचा चांगला ऊहापोह आहे. राबाला अडाणीपणा म्हणण्याची घाई त्या साहेबाने केली नव्हती. ती मी केली, आणि तीही एम.ए. होऊन!

रविवारी मी शेतावर गेले. तात्या बांधावर बसले होते. अर्धा राब भाजून झाला होता, अर्धा रचून तयार होता.

"तात्या, आमच्या इमारतीतले लोक धुराची तक्रार करताहेत."

"तुमच्या माडीवर धूर आला?"

"आला. पाचव्या मजल्यावर एक दम्याचं पोर आहे. त्याला रात्रभर खोकला लागला."

मला वाटले होते, तात्या भडकतील. म्हणतील, आधी शेत की आधी तुमची इमारत? पण ते नुसते राखेकडे बघत राहिले.

"मग चूक माझी आहे गं. पूर्वी तिथं वारा मोकळा जायचा. आता तुमच्या भिंतीला आपटून परत फिरतो. माझ्या ध्यानातच आलं नाही." मग हातातली काठी खाली ठेवून म्हणाले, "उरलेला नाही भाजत."

चुलतभाऊ म्हणाला, "बरं झालं. तसंही तांदूळ विकत मिळतातच." तात्यांनी त्याला उत्तर दिले नाही. रचलेली कवळ त्यांनी स्वतःच्या हातांनी उपसून बांधावर टाकली. मी मदतीला गेले तर म्हणाले, "तुझ्या हाताला लागेल."

मिरगाच्या आधी दोन्ही वाफ्यांत एकच बियाणे धूळपेर केले. पंधरवड्यानंतर पाहिले तर मधून दोरी धरावी तसा फरक! भाजलेल्या बाजूला गर्द हिरवे, एकसारखे रोप. दुसरीकडे गवतातून भात शोधावे लागत होते. दोन सकाळी मी तण काढले. तिसऱ्या सकाळी पाठीने संप पुकारला. लावणीच्या वेळी भाजलेल्या वाफ्यातले रोप मुठीत अलगद येई, दुसऱ्यातल्याची मुळे तटातट तुटत.

रोप कमी पडले. पलीकडच्या गावी जाऊन तात्यांनी चार भारे मागून आणले. उभ्या आयुष्यात दुसऱ्याच्या राबातले रोप आमच्या शेतात पहिल्यांदाच लागले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. पोट बिघडले आहे, म्हणाले.

दोन्ही वाफ्यांचे छायाचित्र मी काढून ठेवले होते. शेवटी धीर करून ते ग्रुपवर टाकले, आणि तो 'इसम' माझा कोण लागतो तेही लिहिले. बराच वेळ कोणी काही बोलले नाही. रात्री सेक्रेटरी स्वतः दारात आले. माणूस भला आहे. अवघडून उभे होते. छायाचित्रातल्या हिरव्यागार बाजूवर बोट ठेवून त्यांनी विचारले,

"मॅडम, कुंड्यांसाठी हवं होतं. हे खत कुठल्या दुकानात मिळतं?"