वर्तमानपत्रांत कोण बोलतो?

वर्तमानपत्र हा समाजाचा आरसा होय, असे आपण म्हणतो. परंतु आरसा ज्याच्या हाती असेल, त्याच्या मर्जीनेच तो फिरतो. म्हणून कोणतीही वार्ता वाचताना तीत कोण बोलतो आणि कोणास बोलू दिले नाही, याचा विचार अवश्य केला पाहिजे.

याचा धडा आपल्या महाडनेच दिला आहे. ता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहस्रावधी अनुयायी चवदार तळ्याचे पाणी प्याले. तळे सर्वांस खुले असल्याचा ठराव महाड नगरपालिकेने १९२४ सालीच केला होता. तथापि थोड्याच वेळात, 'हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार', अशी हूल गावात उठली. ती सर्वस्वी खोटी होती. परंतु कोणी शहानिशा केली नाही, ज्यांच्याविषयी ती होती त्यांस कोणी विचारले नाही, आणि परतणाऱ्या निःशस्त्र प्रतिनिधींस मारहाण झाली. एका बाजूचीच वार्ता किती घातक ठरते, हे यावरून ध्यानात येईल.

यावर उपाय कोणता? ज्याचे दुःख, त्याच्या हाती लेखणी असणे. हे प्रथम ओळखणाऱ्यांत महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर होते. सैन्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी 'दीनबंधु' व 'सुधारक' या पत्रांतून अस्पृश्यांची गाऱ्हाणी मांडली. पुढे ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला. त्याची जाहिरात पैसे देऊ केले असताही 'केसरी'ने छापली नाही. महाडच्या प्रसंगानंतर दोनच आठवड्यांनी, ३ एप्रिल १९२७ रोजी, 'बहिष्कृत भारत' निघाले आणि घडलेल्या प्रकाराची दुसरी बाजू लोकांपुढे आली.

तळ्याचा दावा १९३७ साली उच्च न्यायालयात निकालास लागला; पण वार्तेतील न्यायाचे काम अद्याप संपलेले नाही. जुलै १९२१ नव्हे, तर अगदी अलीकडे, जुलै २०२१ मध्ये, महाड तालुक्यातील तळिये आणि पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व साखर सुतारवाडी येथे दरडी कोसळून मनुष्यहानी झाली. अशा वेळी अधिकारी व पुढारी यांचे बोलणे सहज मिळते. परंतु डोंगराला भेग केव्हा दिसली, पाणी कोठून फुटले, हे सांगू शकते ती त्याच वाडीतील म्हातारी. वीटभट्टीवर गेलेल्या कातकरी कुटुंबाचे मूल शाळेत का येत नाही, हेही त्याच्या आईलाच विचारले पाहिजे. तिचे म्हणणे घेणे ही दया नव्हे. त्यावाचून वार्ता अपुरी राहते.

विद्यार्थिमित्रांनो, घरी वर्तमानपत्र वाचताना वडीलधाऱ्यांसह एवढे करून पाहा: बातमीत ज्यांची नावे आली त्यांची यादी करा, आणि ज्यांच्यावर प्रसंग ओढवला त्यांपैकी किती जण तीत आहेत, हे मोजा. जो दुसऱ्याचे ऐकून मग लिहितो, तोच खरा वार्ताहर. आणि जो दोन्ही बाजू मागतो, तोच सुजाण वाचक.